सोडून गेलेल्या मुली

कोपरखैरणे
१२ जानेवारी २०२५

उन्ने,

काल तू फोन उचललास, माझं नाव ऐकलंस आणि ठेवून दिलास. पुन्हा लावला तर नुसता वाजत राहिला. मग तुझ्या माहेरी गेले. तुझी आई म्हणाली, "फोन नको करू गं, ती कुनाचाच उचलत नाय. लिव तिला. लिवलेलं वाचते ती." पत्ता तिनेच दिला. म्हणजे लग्न होऊन तू पेणच्या पुढे गेलीस, त्याला आता दहा वर्षं व्हायला आली आणि तुझा पत्ता मला आज कळतोय.

मी पीएच.डी. करतेय. विषय सांगते, हसू नकोस: 'कनिष्ठ गटातील कबड्डी खेळाडूंवर प्रशिक्षकाच्या नेतृत्वशैलीचा होणारा परिणाम.' पप्पा सोसायटीत सगळ्यांना सांगतात, आमची दीक्षा कबड्डीची डॉक्टर होणार, आणि शेजारच्या वेणूबाई मला गुडघेदुखीवर गोळी विचारतात.

दोन वर्षं नुसती वाचतेय. आपल्याकडचे शोधनिबंध वाचून डोकं उठतं. सगळे एकाच साच्यातले, फक्त जिल्ह्याचं नाव बदललेलं. प्रशिक्षक चांगला तर संघ चांगला, हा निष्कर्ष. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जे खेळाडू टिकले त्यांनाच सगळे प्रश्न विचारतात. जे सोडून गेले ते कुठल्याच तक्त्यात नाहीत. म्हणून मी एक वेगळं प्रकरण लिहायचं ठरवलंय, सोडून गेलेल्या मुलींवर. पहिली आठवलीस तू. आपल्या संघात तुझ्यासारखी चढाई करणारी दुसरी कोणी नव्हती. माझा गुडघा गेला म्हणून मी सुटले, काशी बिचारी त्या उन्हाळ्यात पोट बिघडून गेली, पण तू? चांगली खेळत असताना एकदम लग्न करून मोकळी झालीस. स्थळ आलं म्हणून, की कंटाळलीस म्हणून? मला खरं लिही. तुझं नाव कुठेही येणार नाही.

आपल्या मानसिंग सरांनी त्यांच्या अकादमीत निरीक्षणाची परवानगी लगेच दिली. केस पिकलेत, आवाज तोच. तुझ्या भावाची मुलगी पुतळा तिथेच खेळते, माहीत असेलच. पोरगी आत घुसते ती अगदी तुझ्यासारखी.

तुझी
दीक्षा

*

जोहे, ता. पेण
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीक्षा,

तुझे पत्र मिळाले. आनंद झाला. तू एवढी शिकलीस याचा अभिमान वाटतो.

मी लग्न झाल्यामुळे खेळ सोडला. चांगले स्थळ आले होते. त्यात विशेष काही नाही, तसेच लिही. माझे पती टेम्पो चालवतात, भाजी घेऊन एपीएमसीला जातात. आम्ही सुखी आहोत.

पुतळा सरांकडे जाते हे मला माहीत नव्हते. मला कोणी सांगितले नाही.

एक विचारते. तिचे वजन घेतात का? आणि प्रॅक्टिसच्या वेळी मुलींना पाणी देतात का? बघून कळव.

तुझी
उन्नती

*

कोपरखैरणे
२ मार्च २०२५

उन्ने,

पत्र आलं, पण किती परकं लिहिलंस गं! शाळेतल्या बाईंना लिहिल्यासारखं.

तू विचारलंस म्हणून मुद्दाम बघितलं. पाण्याचा ड्रम आहे, मैदानाच्या कडेला, पिंपळाखाली. वजन दर आठवड्याला होतं. वजनाची मर्यादा ओलांडली की पोरीला खेळता येत नाही, त्यामुळे सर त्या बाबतीत कडक आहेत, ते पूर्वीही होतेच. पुतळा थोडी वर आहे. मे महिन्यात निवड चाचणी आहे, तोपर्यंत उतरवेल म्हणतात.

प्रश्नावल्या भरून झाल्या. 'प्रशिक्षक माझ्या अडचणी समजून घेतात' असली वाक्यं आणि पुढे नेहमी, कधीकधी, कधीच नाही. सगळ्या पोरींनी सगळीकडे 'नेहमी'वर खूण केली. सर मागे उभे होते. मी गाईडना म्हटलं, हे बरोबर नाही वाटत. ते म्हणाले, "असा एकसारखा डेटा मिळायला भाग्य लागतं."

आता निरीक्षण सुरू आहे. मी कडेला खुर्चीवर बसते. कागदावर रकाने आखलेत: सूचना, शाबासकी, शिक्षा, मौन. सर जे करतील त्याची नोंद. मी बोलायचं नाही, मध्ये पडायचं नाही, हा नियम. मध्ये पडलं की निरीक्षण बिघडतं.

पण पाण्याचं का विचारलंस?

दीक्षा

*

जोहे
२३ मार्च २०२५

दीक्षे,

मी शुद्ध लिहायला बसले की खोटं लिहिते. म्हनून आता जशी बोलते तशीच लिहिनार हाय.

काशीचं पोट बिघडलं नव्हतं.

तू तेव्हा ऑपरेशन करून मावशीकडं होतीस. निवड चाचनी उद्यावर आली होती आनि काशीचं वजन वर होतं. तुला तर माहीत हाय, तिचा बापूस सिताराम काका मार्केटात पोती उचलायचा, घरात भाकरी भरपूर, पोरगी अंगानं भरलेली. सरांनी तिला रेनकोट घालायला लावला, आत प्लास्टिक गुंडाळलं आनि पळायला सांगितलं. आदल्या दुपारपासून पानी बंद. थुंकी पन गिळायची नाय, थुंकायची, म्हंजे तेवढंच वजन कमी. मी पन तेच करत होते. सगळ्याच करत होतो. आमाला वाटायचं खेळ म्हंजे हेच.

ऊन चढलं. काशी माझ्या पुढं पळत होती. ती वाकडी पळायला लागली. मी तिला हात लावला तर अंग तव्यासारखं आनि एकदम कोरडं. घाम थांबला होता. दीक्षे, रेनकोटात मानसाचा घाम थांबतो का? मी ओरडले, "सर, हिला पानी द्या." सर म्हनाले, "नाटक करते. अजून दोन चक्कर." ती दोन चक्कर नाय झाली तिची.

दवाखान्यात तिच्या किडन्या गेल्या. नंतर ती गेली. सरांनी सगळ्यांना सांगितलं, पोरीनं बाहेरचं कायतरी खाल्लं. पोरी गप. मी सिताराम काकाला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं आनि सांगितलं, "काका, तिला पानी देत नव्हते." काका मग म्हनाला, "तिनं मला सांगितलं असतं." तो गावाला पाटनला निघून गेला, परत आला नाय.

माझ्या बापसाला गावच्या कबड्डी मंडळाच्या लोकांनी बोलावलं. तुमची पोरगी सरांचं नाव खराब करते, कप्तान केली नाय म्हनून. सरांमुळं गावाचं नाव पेपरात येतं. माझा भाऊ मिथुन पन त्यांच्यातच बसला होता. त्या दिवाळीत माझं लगीन लावलं. तू लिहिलंस ना, लग्न करून मोकळी झालीस. मी बोलले म्हनून माझं लगीन झालं.

आता तिथं पुतळा हाय. मिथुन माझं ऐकनार नाय. तू शिकलेली हायस, तुझं ऐकेल. तिला तिथून काढ. माझं नाव घातलंस तरी चालेल.

उन्नती

*

कोपरखैरणे
१४ एप्रिल २०२५

उन्ने,

काय लिहू? तुझं पत्र वाचून मी जिन्यात बसून राहिले. आज आमच्याकडे जयंती, खाली ढोल वाजतायत, आई हाका मारतेय, आणि मी तुला हे लिहितेय.

तुझी हकीकत मी गाईडना दाखवली, नाव झाकून. त्यांनी शांतपणे वाचली. म्हणाले, "वाईट आहे. पण एका मुलीची आठवण म्हणजे संशोधन नव्हे. दुसरी साक्ष आहे? दवाखान्याचे कागद आहेत?" मी म्हटलं, इतर मुलींना विचारू. ते म्हणाले, "मानसिंग आमच्या विभागात तज्ज्ञ म्हणून येतात. सोडून गेलेल्यांचं प्रकरण गाळा. प्रबंध आटोपशीर होईल."

मिथुनदादाकडेही गेले. त्याने चहा दिला, नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमी कॉलनीतल्या. गावाच्या भानगडीत पडू नका. माझी भैन तेव्हाही येडी होती." तुझी आई आत भांडी घासत होती, तिचा हात थांबलेला मला दिसला.

उन्ने, मी निरीक्षण सोडलेलं नाही. सोडलं तर तिथे कोणीच उरणार नाही. सरांना काही कळू दिलेलं नाही. चाचणीपर्यंत मी रोज जाणार, रोज लिहिणार. यावेळी साक्ष असेल, तारखेसकट. एकदा हे नोंदवलं गेलं की कोणालाच नाकारता येणार नाही. काळजी करू नकोस, मी तिथे आहे. मी बघतेय.

दीक्षा

*

जोहे
२२ एप्रिल २०२५

दीक्षे,

बघून काय करनार? आमी पन बघतच होतो.

पोरगी मेल्यावर तुझी साक्ष मला नको. घाम थांबला तर समज. तेवढं लक्षात ठेव, बाकी काय लिहायचं ते लिही.

उन्नती

*

वाशी
१९ मे २०२५

उन्ने,

पुतळा जिवंत आहे. आधी तेवढं वाच, मग पुढचं.

शनिवारी चाचणीच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखी खुर्चीवर बसले होते. चार पोरींना रेनकोट घातले होते. पाण्याचा ड्रम उलटा करून ठेवला होता. मी लिहीत होते. आता तुला खरं सांगते, मला आतून बरं वाटत होतं, की अखेर हे माझ्या कागदावर येतंय. पण ते कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना. सूचना नाही, शिक्षाही नाही, कारण सर चिडलेले नव्हते. टाळ्या वाजवत होते, "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते.

पुतळा माझ्या समोरून गेली तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. पुढच्या फेरीला तिचा पाय रेषेबाहेर पडला. तुझं वाक्य आठवलं. मी उठले आणि तिच्याबरोबर पळायला लागले, माझा गुडघा तो असा. तिच्या मानेला हात लावला. कोरडी. चटका बसावा इतकी गरम आणि कोरडी.

मी तिला खाली पाडलंच म्हण. रेनकोटाची चेन अडकली होती, ओढून फाडली. माझ्या बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, तोंडाला लावलं. ती तोंड फिरवायची, उन्ने. दात घट्ट मिटून घ्यायची. "वजन वाढेल, ताई, वजन वाढेल." सर चालत आले, पळतसुद्धा नाही. म्हणाले, "मॅडम, तुमचं काम लिहायचं आहे." मी म्हटलं, "रिक्षा बोलवा." ते म्हणाले, "पाच मिनिटांत उठेल ती. मी आयुष्यभर पोरी तयार केल्यात." इतर पोरी पळतच होत्या. त्यांना कोणी थांबा म्हटलं नव्हतं.

मी तिला उचलून रस्त्यापर्यंत नेलं. एक भाजीवाला मदतीला आला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. स्नायूंवर परिणाम झालाय, किडन्यांवर ताण आलाय, पण सलाइनवर सावरतेय. लघवी सुरू झाली तेव्हा नर्सने मला येऊन सांगितलं, आणि मी रडले.

पुतळाने डोळे उघडून पहिलं विचारलं, "वजन किती भरलं?"

चाचणी झाली होती. ती तिथे नव्हती, म्हणून तिचं नाव कटलं. मिथुनदादा वॉर्डात सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला, "पोरीचं सिलेक्शन घालवलंस! कोन तू तिला हात लावनारी?" सर फळांची टोपली घेऊन आले होते. त्यांनीच त्याला खांद्याला धरून शांत केलं.

मी दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहितेय. तुझी आई आत पुतळाजवळ आहे. ती मघाशी माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

दीक्षा

*

जोहे
११ जून २०२५

दीक्षे,

तुझं पत्र मी नवऱ्याला वाचून दाखवलं. काशीचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. ते पन सांगितलं. तो त्या रात्री मार्केटच्या फेरीला गेला नाय, घरीच राहिला.

आमी दोघं पुतळाला बघायला आलो होतो. मिथुननं दारातून परत पाठवलं. म्हनाला, "तूच पत्रं लिवून त्या बाईला चढवलीस. आजपासून तुला भाऊ नाय." आई मागं उभी होती. आमी चपला परत घातल्या आनि आलो.

तू तक्रार कर. माझी सही पायजे तर कागद पाठव. तुझी परीक्षा कधी हाय?

उन्नती

*

कोपरखैरणे
२८ सप्टेंबर २०२५

उन्ने,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण चांगलं काही सांगायला नव्हतं. अजूनही नाही.

तुझ्या सहीचा कागद मिळाला होता. तो जोडून संघटनेकडे तक्रार केली, उत्तर नाही. पोलिसांत गेले, ते म्हणाले मुलीच्या आईवडिलांना घेऊन या. दवाखान्याने कागद आईवडिलांनाच मिळतील म्हणून सांगितलं. मिथुनदादाने लिहून दिलंय, पोरगी उपास करत होती म्हणून चक्कर आली.

उलट सरांनी विद्यापीठाकडे माझी तक्रार केली, की संशोधक बाईंनी पालकांच्या परवानगीशिवाय अल्पवयीन मुलीला हात लावला. समिती बसली. मला विचारलं, निरीक्षकाने मध्ये पडायचं नसतं हे तुम्हाला माहीत होतं का? मी हो म्हटलं. मग का पडलात? मी म्हटलं, ती मरत होती. एक बाई चष्मा काढून पुसत होत्या, मला वाटलं त्या काही बोलतील. त्यांनी चष्मा घातला आणि पुढचा कागद घेतला.

गाईडनी मला वेगळं बोलावलं. वाईट माणूस नाही तो, उन्ने, हेच तर अवघड आहे. म्हणाले, "मे महिन्याची निरीक्षणं काढून टाक. दूषित डेटा म्हणून. नुसत्या प्रश्नावलीवर प्रबंध उभा राहतो. दिवाळीनंतर तू डॉक्टर." मी घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते कंपनीत आयुष्यभर मशीनवर उभे राहिलेत, माझ्या पदवीची फ्रेम कुठे लावायची ती भिंतही त्यांनी ठरवलेली. ते म्हणाले, "त्या कागदावर त्या पोरीची खूण आहे ना, सर नेहमी समजून घेतात म्हणून?" मी म्हटलं, आहे. "मग तुझी सही नको."

मी नाव काढून घेतलं. पण प्रश्नावल्या विभागाच्या मालकीच्या. त्या दुसऱ्या विद्यार्थ्याला दिल्या आणि त्याचा निबंध छापूनही आला. प्रशिक्षकाची नेतृत्वशैली आणि खेळाडूंचं समाधान यांत लक्षणीय सकारात्मक संबंध. पुतळाही आहे त्यात. उद्या कोणीतरी हाच निबंध वाचून आणखी एक लिहील.

महाप्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागलेय, कंत्राटावर. पप्पा आता त्या भिंतीकडे बघत नाहीत.

पुतळा परत सरांकडे जायला लागली, असं ऐकलं. खरं आहे का?

दीक्षा

*

घणसोली
२५ ऑक्टोबर २०२५

दीक्षे,

खरं हाय.

भाऊबीजेला मी माहेरी आले. मिथुन ओवाळून घ्यायला बसला नाय, घराबाहेर गेला. पन आईनं या वेळी मला दारातून परत जाऊ दिलं नाय. हात धरून आत घेतलं आनि म्हनाली, "हे घर माझं बी हाय." एवढंच बोलली.

आज दुपारी मी एकटी गच्चीवर कपडे काढत होते. पुतळा वर आली. बारीक झालीय. पाय सुजतात म्हनाली, संध्याकाळी. मग म्हनाली, "आत्या, त्या दीक्षाताई दवाखान्यात मला सारख्या काशी म्हनत होत्या. रडत होत्या आनि काशी म्हनत होत्या. काशी कोन होती?"

तू मला हे लिहिलं नव्हतंस. तुला माहीत तरी हाय का, देव जाने.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, ती कशी हसायची, तिची पकड कशी होती, ती कशी वाकडी पळायला लागली ते. पुतळा गच्चीच्या कठड्याला टेकून ऐकत होती. डोळ्यांतून पानी चाललं होतं, पुसलं नाय तिनं. मला वाटलं, झालं, पोरगी सुटली.

मी म्हटलं, "आता नाय ना जानार?"

ती म्हनाली, "आत्या, निवड समितीत सरच बसतात. सरांना सोडलं तर मला कोन घेनार? तू सोडलंस, तुला कोनी घेतलं?"

याचं उत्तर तुझ्याकडं असेल तर सांग, तुझ्या पुस्तकांत कुठं असेल तर.

ती खाली गेली, तोंड धुतलं, बॅग घेतली आनि प्रॅक्टिसला निघाली. मी तिच्या मागं मागं मैदानावर आले. मैदान गावकीचं हाय, कोनी मला ऊठ म्हनू शकत नाय. हे पत्र तिथंच बसून लिहिते. तुझी ती खुर्ची अजून हाय, मी खालीच बसलेय. नवऱ्याला फोन केला, मी थोडे दिवस आईकडं राहते. तो म्हनाला, राहा.

सरांनी मला ओळखलं. लांबून बघत राहिले. मी पन बघत राहिले. मग त्यांनी मान फिरवली आनि शिट्टी वाजवली, आनि पोरी पळायला लागल्या.

डिसेंबरात पुन्हा चाचनी हाय. मी रोज बसनार. पन मी एकटी पुरनार नाय, चार पोरी चार बाजूंना पळतात.

रविवारी तुझ्या शाळेला सुट्टी असते ना? येशील?

उन्नती